पोहोच होती, इनव्हॉइस नव्हतं: पेप्पोलवरच्या दोन पत्त्यांची चौकशी

‘तुमच्याकडून जानेवारीपासून एकही बिल आलेलं नाही. माल वेळेवर येतोय, पण पैसे कशावर काढायचे?’ खरेदीदार कंपनीच्या अकाउंट्स विभागाने पाठवलेल्या मेलचा हा मथितार्थ. मेल आला होता आमच्या ग्राहकाला, म्हणजे पॅकिंगचं साहित्य पुरवणाऱ्या बेल्जियममधल्या एका कंपनीला. त्यांनी तो तसाच आमच्याकडे पाठवला आणि सोबत स्क्रीनशॉट जोडला. सतरा इनव्हॉइस, सतरा हिरव्या खुणा, प्रत्येकीपुढे ‘डिलिव्हर्ड’.

आम्ही पुरवठादाराच्या बाजूचा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे नेटवर्कवर जाण्या-येण्याचं दार, सांभाळतो. इनव्हॉइस त्यांच्या ईआरपीतून, म्हणजे कंपनीचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, आमच्याकडे येतं, आम्ही ते पेप्पोल या ई-इनव्हॉइस पाठवण्याच्या नेटवर्कवरून पुढे पाठवतो. त्यामुळे ‘पाठवलं’ आणि ‘मिळालं नाही’ या दोन वाक्यांमधली जागा ही आमचीच जबाबदारी. या प्रकरणात दोन्ही वाक्यं शंभर टक्के खरी होती, आणि ती दोन्ही एकाच वेळी खरी कशी असू शकतात हे समजायला आम्हाला पाच दिवस लागले. त्यातले दोन आमच्याच चुकीने गेले. तेही इथे लिहितो, कारण तीच चूक दुसऱ्या कुणाकडूनही सहज होईल.

पार्श्वभूमी थोडक्यात. बेल्जियममध्ये १ जानेवारी २०२६ पासून व्हॅटसाठी नोंदणी असलेल्या कंपन्यांनी एकमेकींना ठरावीक रचनेतलं ई-इनव्हॉइस पाठवणं बंधनकारक झालं, आणि त्यासाठीचा मूळ मार्ग पेप्पोल. पीडीएफ मेलने धाडण्याची सवय एका तारखेला मोडायची होती. आमच्या ग्राहकाने ३१ डिसेंबरपर्यंत पीडीएफ पाठवले आणि नव्या वर्षाच्या पहिल्या बिलापासून पेप्पोलवर उडी घेतली. फेब्रुवारीच्या मध्यावर तो मेल आला.

खरेदीदाराचं म्हणणं ऐकून तर आम्ही आणखीच गोंधळलो. ‘आमचं पेप्पोल चालू आहे. इतर पुरवठादारांची बिलं रोज येतात. फक्त यांची येत नाहीत.’

पत्ता म्हणजे नेमकं काय

पेप्पोलची सुरुवात २००८ मध्ये युरोपातल्या सरकारी खरेदीसाठीचा एक प्रकल्प म्हणून झाली. प्रकल्पाची मुदत संपल्यावर, २०१२ मध्ये, नेटवर्क चालवायला ओपनपेप्पोल ही संस्था उभी राहिली. रचना चार कोपऱ्यांची. पहिल्या कोपऱ्यात पाठवणारा, दुसऱ्यात त्याचा ॲक्सेस पॉइंट, तिसऱ्यात घेणाऱ्याचा ॲक्सेस पॉइंट आणि चौथ्यात घेणारा. पहिला आणि चौथा एकमेकांशी थेट कधीच बोलत नाहीत. बोलतात ते मधले दोघे.

आता पत्ता. ईमेलच्या पत्त्यात ॲटच्या चिन्हानंतर जे लिहिलेलं असतं त्यावरून टपाल कुठल्या सर्व्हरवर जायचं हे कळतं. पेप्पोलच्या पत्त्यात तसं काहीच नसतं. तिथे असतात दोन तुकडे: आधी चार अंकी योजना-क्रमांक, मग त्या योजनेतला कंपनीचा क्रमांक. योजना-क्रमांक सांगतो की पुढचा आकडा कुठल्या वहीतला आहे. ००८८ म्हणजे बारकोडची मानकं ठरवणाऱ्या जीएस१ या संस्थेचा जीएलएन हा स्थान-क्रमांक, ०१९२ म्हणजे नॉर्वेचा संस्था-क्रमांक, ०१५१ म्हणजे ऑस्ट्रेलियाचा एबीएन हा व्यवसाय-क्रमांक, ०१९५ म्हणजे सिंगापूरचा यूईएन हा संस्था-क्रमांक. हे बहुतेक आयएसओ ६५२३ या मानकातून आले आहेत. ९९ ने सुरू होणारे काही क्रमांक पेप्पोलने स्वतःच्या सोयीसाठी वापरात आणले, त्यात बऱ्याच देशांचे व्हॅट क्रमांक येतात.

बेल्जियमसाठी यातले दोन महत्त्वाचे. ०२०८ म्हणजे केबीओ या उद्योग-नोंदवहीतला दहा अंकी क्रमांक. ९९२५ म्हणजे बेल्जियमचा व्हॅट क्रमांक. गंमतीची नव्हे, गोत्यात आणणारी गोष्ट ही की व्हॅट क्रमांक म्हणजे तेच दहा अंक, फक्त पुढे ‘बीई’ ही दोन रोमन अक्षरं. कागदावर पाहणाऱ्या माणसाला दोन्ही एकच वाटतात. अकाउंटंट तर त्यांना एकच समजून वापरतो, आणि त्याच्या कामापुरतं ते बरोबरही असतं.

नमुन्यादाखल ०१२३४५६७४९ हा क्रमांक घेऊ. हा बनावट आहे, पण नियमात बसणारा. पहिले आठ अंक घ्यायचे, ९७ ने भागायचं, बाकी उरते ४८. मग ९७ वजा ४८ म्हणजे ४९, आणि शेवटचे दोन अंक तेच. ही तपासणी एखादा अंक चुकून टाइप झाला तर पकडते. आमच्या सतरा इनव्हॉइसवरचा पत्ता या तपासणीत सतरा वेळा पास झाला होता. क्रमांक बरोबर होता, कंपनी बरोबर होती. पण त्या क्रमांकाचं टपाल कोण घेतंय, हे या दहा अंकांत कुठेच लिहिलेलं नसतं.

मोबाइल नंबरचं उदाहरण इथे जवळचं आहे. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, कारण नंबर आणि नेटवर्क यांची गाठ बाहेर एका वहीत मारलेली असते. पेप्पोलमध्ये ही गाठ दोन पायऱ्यांत आहे. पहिली एसएमएल, अख्ख्या नेटवर्कसाठी एकच. ती फक्त एवढंच सांगते की अमुक पत्त्याची माहिती अमुक एसएमपीकडे आहे. दुसरी पायरी एसएमपी, आणि ते अनेक आहेत, साधारणपणे सेवा देणाऱ्या प्रोव्हायडरकडेच असतात. एसएमपी सांगतो की हा घेणारा कुठल्या प्रकारची कागदपत्रं घेतो, कुठल्या प्रक्रियेखाली घेतो, ती कुठल्या यूआरएलवर टाकायची आणि तिथलं प्रमाणपत्र कोणतं. उत्तरावर एसएमपीची डिजिटल सही असते.

एसएमएलला विचारायची पद्धत मला आजही सुंदर वाटते. वेगळी सेवा नाही, लॉगिन नाही. नावावरून सर्व्हर शोधून देणारी इंटरनेटची रोजची डीएनएस यंत्रणाच वापरली आहे. पत्त्याचा हॅश, म्हणजे ठरलेल्या सूत्राने बनणारी अक्षरांची ओळ, काढायचा, तो एका ठरलेल्या डोमेनच्या पुढे जोडायचा आणि त्या नावाची डीएनएस चौकशी करायची. जुन्या पद्धतीत एमडी५ हॅश आणि सीनेम नोंद होती. नव्या पद्धतीत एसएचए-२५६ हॅश बेस-३२ मध्ये लिहून नॅप्टर नोंद विचारतात. कुणीही, कुठूनही, फुकटात विचारू शकतं.

हिरव्या खुणेचा अर्थ

पहिल्या दिवशी आम्ही लॉग उघडले. सतराही इनव्हॉइससाठी समोरून एएस४ ची सही केलेली पोहोच आली होती. एएस४ हा दोन ॲक्सेस पॉइंटमधला वाहतुकीचा प्रोटोकॉल, पेप्पोलवर १ फेब्रुवारी २०२० पासून सक्तीचा. आपण संदेश पाठवला की त्याच एचटीटीपी जोडणीवर उत्तरादाखल पोहोच येते, त्यात आपल्याच संदेशाचे हॅश असतात आणि त्यावर समोरच्याची सही. म्हणजे ‘मला मिळालं नाही’ असं तो तिसरा कोपरा नंतर म्हणूच शकत नाही.

लक्षात घ्या, तिसरा कोपरा. चौथा नव्हे.

ही पोहोच म्हणजे सोसायटीच्या गेटवर वॉचमनने रजिस्टरमध्ये केलेली सही. पाकीट वरच्या घरात गेलं का, त्या घरात कुणी राहतं का, हे त्या सहीत नाही. आमच्या स्क्रीनवर मात्र आम्हीच त्या सहीसमोर ‘डिलिव्हर्ड’ लिहिलं होतं, आणि पुरवठादाराने त्याचा अर्थ शब्दशः घेतला. त्यांचं काहीच चुकलं नाही. शब्द आमचा होता.

चौथ्या कोपऱ्याकडून येणारा निरोपही पेप्पोलमध्ये आहे, त्याला इनव्हॉइस रिस्पॉन्स म्हणतात. त्यात ‘मिळालं’, ‘काम चालू आहे’, ‘शंका आहे’, ‘नाकारलं’, ‘मंजूर’, ‘पैसे दिले’ अशा स्थिती ठरलेल्या कोडने कळवता येतात. पण तो पाठवायचा की नाही हे घेणाऱ्यावर आहे. या खरेदीदाराकडून तो येत नव्हता आणि आम्हीही त्याची वाट पाहत नव्हतो. सहा आठवडे एकही रिस्पॉन्स नाही, ही गोष्ट कुणाच्याच डोळ्यात भरली नाही.

मग पत्ता पाहिला. इनव्हॉइसमधल्या एंडपॉइंट आयडीत, म्हणजे घेणाऱ्याच्या पेप्पोल पत्त्याच्या रकान्यात, योजना ९९२५. पुरवठादाराच्या ईआरपीत ग्राहकाचा व्हॅट क्रमांक आधीपासून होता, जानेवारीच्या घाईत कुणीतरी सेटिंग लावलं की पेप्पोलचा पत्ता व्हॅट क्रमांकावरून आपोआप बनवा. शेकडो ग्राहकांचे पत्ते एका रात्रीत तयार झाले आणि बहुतेकांचे चाललेही.

दोन वाया गेलेले दिवस

पेप्पोलची एक सार्वजनिक डिरेक्टरी आहे, वेबवर कंपनीच्या नावाने शोधता येते. तिथे खरेदीदाराचं नाव टाकलं. एकच नोंद आली, ०२०८ ची. ९९२५ नाहीच.

माझ्या सहकाऱ्याने खात्रीसाठी हाताने डीएनएस चौकशी केली. ०२०८ चा हॅश काढला, उत्तर आलं, खरेदीदार आज वापरतो त्याच प्रोव्हायडरच्या एसएमपीकडे बोट दाखवणारं. मग ९९२५ चा काढला.

“सर, नावच अस्तित्वात नाही म्हणतंय.”

“नीट बघितलंस ना?”

“दोनदा केलं. ०२०८ ला येतंय, ९९२५ ला नाही.”

दोन स्वतंत्र ठिकाणांहून एकच उत्तर आलं की माणूस निर्धास्त होतो. आम्ही निष्कर्ष काढला की ९९२५ ची नोंद जानेवारीत होती आणि नंतर कुणीतरी काढून टाकली. तेव्हाची इनव्हॉइस तिथे गेली, आता तो रस्ता बंद आहे, ईआरपीत पत्ता ०२०८ करा आणि सतराही पुन्हा पाठवा. तसं पुरवठादाराला कळवून आम्ही तिकीट बंद केलं.

दुसऱ्या दिवशी पुरवठादाराचा माणूस फोनवर. पत्ता बदलायचं काम त्यांच्याकडे अजून व्हायचं होतं, तेवढ्यात रात्रीच्या बॅचमध्ये अठरावं इनव्हॉइस जुन्याच ९९२५ वर निघालं होतं. आणि त्यापुढे हिरवी खूण. ज्या पत्त्याची नोंदच नाही असं आम्ही लेखी दिलं होतं, त्या पत्त्याने पोहोच दिली होती.

आमचं सॉफ्टवेअर आणि आमची हाताने केलेली चौकशी, या दोघांतलं एक चुकत होतं. सॉफ्टवेअर बरोबर होतं. पेप्पोलमध्ये पत्त्यातली अक्षरं लहान-मोठी कशीही लिहिली तरी एकच मानतात, म्हणून नियम असा की हॅश काढण्याआधी सगळी अक्षरं लहान करून घ्यायची. सॉफ्टवेअर ते गुपचूप करतं. माझ्या सहकाऱ्याने व्हॅट क्रमांक इनव्हॉइसवरून जसा दिसला तसा उचलला, ‘बीई’ मोठ्या लिपीत. हॅशमध्ये एक अक्षर बदललं की सगळाच हॅश बदलतो. डीएनएसला विचारलेलं नाव मुळातच कुणाचं नव्हतं, मग ‘अस्तित्वात नाही’ हे उत्तर अगदी बरोबर होतं.

०२०८ मध्ये अक्षरंच नाहीत, नुसते अंक. तिथे ही चूक होऊच शकत नाही. त्यामुळे एक चौकशी बरोबर आली, आणि तिनेच दुसरीवर विश्वास बसवला.

डिरेक्टरीचं काय? तिच्यावरून टपाल जात नाही, हे आम्हाला पाठ होतं आणि तरीही आम्ही तिला साक्षीदार केलं. एसएमपीने घेणाऱ्याची माहिती डिरेक्टरीला प्रसिद्ध करायला दिली असेल तरच ती तिथे दिसते. दिली नसेल तर नोंद जिवंत असूनही डिरेक्टरीत पत्ता नाही. रस्ता ठरतो तो फक्त एसएमएल आणि एसएमपीवरून.

दोन दरवाजे

अक्षरं लहान करून पुन्हा विचारलं आणि उत्तर लगेच आलं. ९९२५ चं बोट वेगळ्याच एसएमपीकडे. तिथून माहिती मागवली, इनव्हॉइस घेण्याची क्षमता नोंदवलेली, मुदत संपण्याची तारीख रिकामी, यूआरएल अनोळखी. सोबतच्या प्रमाणपत्रात ॲक्सेस पॉइंटचा पेप्पोलने दिलेला क्रमांक असतो. तो ०२०८ च्या उत्तरातल्या क्रमांकाशी जुळत नव्हता. एका कंपनीचे दोन दरवाजे, दोन वेगवेगळ्या प्रोव्हायडरकडे उघडणारे, दोन्हींवर तेच दहा अंक.

खरेदीदाराला त्या दुसऱ्या प्रोव्हायडरचं नाव सांगितलं तेव्हा त्यांच्या अकाउंट्स प्रमुख बाईंना आठवायला थोडा वेळ लागला. काही वर्षांपूर्वी एका सरकारी कामासाठी त्यांनी एक छोटं सॉफ्टवेअर घेतलं होतं, त्या प्रोव्हायडरने व्हॅट क्रमांकाखाली त्यांची नोंद केली. काम संपलं, वर्गणी थांबवली, लॉगिन बंद झालं. पुढे नवीन अकाउंटिंग सॉफ्टवेअर आलं, त्याने ०२०८ खाली नोंद केली. बेल्जियममध्ये प्राधान्य ०२०८ लाच आहे, तेव्हा नव्या प्रोव्हायडरने योग्य तेच केलं.

मग एसएमएलने आक्षेप का घेतला नाही? कारण तिच्या नियमाप्रमाणे काहीच चुकलं नव्हतं. एक पत्ता एका वेळी एकाच एसएमपीकडे असू शकतो, हा नियम ती काटेकोर पाळते. नव्या प्रोव्हायडरने ९९२५ नोंदवायचा प्रयत्न केला असता तर तो तिथेच अडला असता आणि ही सगळी भानगड त्याच दिवशी उघडकीस आली असती. पण त्याने नोंदवला ०२०८. एसएमएलच्या लेखी हे दोन निराळे पत्ते. ते एकाच कंपनीचे आहेत हे तिला माहीत नाही, आणि माहीत असण्याची सोयही तिच्यात नाही. या नेटवर्कला कंपन्या कळत नाहीत, क्रमांक कळतात. मला या प्रकरणातून सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हे. आपण स्क्रीनवर कंपनीचं नाव वाचतो आणि नेटवर्कही तेच वाचत असेल असं धरून चालतो.

इतर पुरवठादारांची बिलं का येत होती, त्याचाही उलगडा झाला. काही पॅकेज आधी ०२०८ पाहतात, सापडला की तिथेच पाठवतात. काही व्हॅट क्रमांकापासून सुरू करतात. कुणाचं बिल कुठल्या दारात पडणार हे पाठवणाऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या आवडीनिवडीवर ठरत होतं.

या गोष्टीत माझा खरा आक्षेप आहे तो जुन्या प्रोव्हायडरच्या एका कृतीवर, किंवा न केलेल्या कृतीवर. त्यांनी ग्राहकाचं लॉगिन बंद केलं, पण पेटी उघडी ठेवली. एएस४ च्या पेप्पोल नियमांत याचसाठी एक उत्तर ठरवून दिलेलं आहे: ज्याला आपण सेवा देत नाही त्याच्या नावाने संदेश आला तर पोहोच द्यायची नाही, ‘नॉट सर्व्हिस्ड’ अशी त्रुटी परत पाठवायची. ती त्रुटी जानेवारीच्या पहिल्या इनव्हॉइसला आली असती तर पुरवठादाराला त्याच संध्याकाळी लाल खूण दिसली असती. त्याऐवजी त्यांचं यंत्र सहा आठवडे सही करत राहिलं आणि बिलं अशा खोलीत साठत राहिली जिची किल्ली कुणाकडेच नव्हती.

याच जागी काही देशांची मांडणी वेगळी आहे. इटलीत १ जानेवारी २०१९ पासून कंपन्यांमधली जवळजवळ सगळी बिलं कर खात्याच्या एसडीआय या एकाच केंद्रातून जातात. बिलावर सात अक्षरी कोड लिहायचा, तो घेणाऱ्याच्या मार्गाचा. पण घेणाऱ्याने कर खात्याकडे आपला ठरलेला मार्ग नोंदवून ठेवला असेल तर पाठवणाऱ्याने लिहिलेल्या कोडपेक्षा तो वरचढ ठरतो. कोडच्या जागी सात शून्यं लिहिली आणि घेणाऱ्याचा दुसरा मार्ग कळत नसेल, तरी बिल त्याच्या कर खात्यातल्या राखीव जागेत ठेवलं जातं. तिथे केंद्राला कंपनी कोण हे ठाऊक असतं. पेप्पोलने ते केंद्र मुद्दामच ठेवलेलं नाही, आणि त्यामुळेच एका देशाचा पत्ता दुसऱ्या देशातून विनासायास चालतो. मला पेप्पोलची निवड पटते. पण तिची किंमत अशा ठिकाणी चुकवावी लागते.

दुरुस्ती

९९२५ ची नोंद काढू शकत होता फक्त एकच पक्ष: जुना प्रोव्हायडर. आमचा त्यावर हक्क नाही, नव्या प्रोव्हायडरचाही नाही. खरेदीदार मागणी करू शकतो, पण हात लावू शकत नाही. करार संपलेला, सपोर्टला फोन केला की आधी ग्राहक-क्रमांक मागतात, आणि तो क्रमांक बंद खात्याचा. शेवटी खरेदीदाराने कंपनीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी पत्र दिलं तेव्हा हालचाल झाली.

दोन पर्याय होते. एक, नोंद पुसून टाकणं. दुसरा, ती नव्या प्रोव्हायडरच्या एसएमपीकडे हलवणं. हलवायचं तर जुना एसएमपी एक मायग्रेशन की तयार करतो, ती नव्याला देतो, नवा ती एसएमएलला दाखवून पत्ता आपल्याकडे घेतो. मोबाइल नंबर पोर्ट करताना कोड घ्यावा लागतो, तसंच. मी हलवण्याच्या बाजूने होतो. कितीतरी पुरवठादारांच्या ईआरपीत ९९२५ बसलेला असणार, दोन्ही पत्ते एकाच दारात आले तर कुणाचंच अडणार नव्हतं. नव्या प्रोव्हायडरने मात्र आपण बेल्जियमच्या कंपन्यांसाठी फक्त ०२०८ ठेवतो असं सांगितलं. त्यांचाही मुद्दा खोटा नव्हता: जुना पत्ता पुसला की चुकीच्या ठिकाणी पाठवणाऱ्याला ‘घेणारा सापडला नाही’ असं तिथल्या तिथे कळतं आणि त्याला पत्ता सुधारावा लागतो. पुसायचं ठरलं.

जुन्या पेटीतली बिलं झिप करून आली. आमची अठरा होती, शिवाय आणखी चार पुरवठादारांची. त्या चौघांना आपली बिलं हरवल्याचं अजून कळलंही नव्हतं. आमची अठरा ०२०८ वर पुन्हा पाठवताना पुरवठादाराने काळजीने विचारलं, ही दुबार बिलं धरली जातील का, नवीन क्रमांक द्यायचे का? नवीन क्रमांक द्यायचे नाहीत. बिल तेच, क्रमांक तोच, तारीख तीच. नवीन असतो तो फक्त बाहेरच्या पाकिटावरचा, एसबीडीएच नावाच्या मथळ्यातला पाठवणीचा क्रमांक, कारण तो प्रत्येक पाठवणीला वेगळा असावा लागतो.

अठरा गेली. मागोमाग एका बिलावरची क्रेडिट नोट निघाली आणि ती मात्र अडली, आमच्याच दारात. ०२०८ च्या एसएमपीवर इनव्हॉइसची नोंद होती, क्रेडिट नोटची नव्हती. पेप्पोल बिलिंगमध्ये दोघांची प्रक्रिया एकच असली तरी कागदपत्राच्या प्रकाराचे आयडी वेगळे आहेत, आणि एसएमपीवर दोन्ही स्वतंत्रपणे टाकावे लागतात. नव्या प्रोव्हायडरने तासाभरात नोंद घातली. या चुकीचा कुणालाच त्रास झाला नाही, कारण रस्ता नाही हे संदेश निघण्याआधीच कळलं होतं.

आमच्याकडे दोन गोष्टी बदलल्या. बेल्जियमच्या घेणाऱ्यासाठी आता पाठवण्याआधी ०२०८ आणि ९९२५ या दोन्ही पत्त्यांची चौकशी होते. दोन्ही सापडले आणि वेगळ्या ॲक्सेस पॉइंटकडे बोट दाखवत असतील तर इनव्हॉइस थांबतं आणि माणसाकडे जातं. आणि स्क्रीनवरचा ‘डिलिव्हर्ड’ हा शब्द काढून तिथे लिहिलं, ‘समोरच्या ॲक्सेस पॉइंटने स्वीकारलं’. लांबलचक आहे, मोबाइलवर दोन ओळी खातं. त्यावर टीममध्ये वाद झाला आणि मी हटलो नाही.

जुनी नोंद पुसल्याचा मेल एका गुरुवारी दुपारी आला. डीएनएसची उत्तरं मधल्या सर्व्हरवर काही काळ साठून राहतात, आणि आमच्या यंत्रणेतही एसएमपीचं उत्तर काही तास जपून ठेवलं जायचं. त्या संध्याकाळी, पत्ता बदलण्याआधीच रांगेत लागलेलं एक इनव्हॉइस त्या साठलेल्या उत्तरावरून पुन्हा ९९२५ च्या जुन्याच यूआरएलवर गेलं. लॉगमध्ये ओळ उमटली ती लाल: ईबीएमएस ०००४, पेप्पोल, नॉट सर्व्हिस्ड. जुन्या प्रोव्हायडरने पेटी खरोखर बंद केली होती. सहकाऱ्याने साठवलेलं उत्तर पुसलं, पत्ता ०२०८ केला आणि तेच इनव्हॉइस पुन्हा सोडलं. सकाळी अकाउंट्स प्रमुख बाईंचा दोन शब्दांचा मेल होता: बिल दिसलं.